‘हॉटेल कॅलिफोर्निया’चं प्लॅटिनम मानचिन्ह: भिंतीवर आठ महिने

मागच्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या एका रेकॉर्ड मेळ्यात ईगल्स या अमेरिकन रॉक बँडच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ अल्बमचं प्लॅटिनम मानचिन्ह, म्हणजे मोठ्या विक्रीबद्दल दिली जाणारी फ्रेममधली धातूचा मुलामा दिलेली तबकडी, घेतलं. पुण्यात हॉस्टेलवर त्यातल्या त्याच नावाच्या गाण्याच्या शेवटच्या गिटारवर बोटं सोलून घेतली होती, त्यामुळे फ्रेम दिसली आणि पाय तिथेच अडले. तेव्हापासून ती बैठकीच्या खोलीत आहे. कुणी घ्यायच्या विचारात असेल तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना, आरआयएए, १९५८ पासून विक्री तपासून ‘गोल्ड’ जाहीर करते. अल्बमला सुरुवातीला दहा लाख डॉलरची घाऊक विक्री लागायची, १९७५ पासून पाच लाख प्रतींची अट आली. दहा लाख प्रतींचं ‘प्लॅटिनम’ १९७६ मध्ये सुरू झालं आणि अल्बममधला पहिला मान ईगल्सच्याच निवडक गाण्यांच्या संग्रहाला मिळाला. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आला तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात. ही मानचिन्हं फक्त कलाकारांसाठी नसायची. रेडिओ केंद्रं, रेकॉर्डचे दुकानदार, कंपनीची प्रसिद्धी करणारी माणसं, सगळ्यांना दिली जायची. माझ्या फ्रेममधल्या पट्टीवर एका रेडिओ केंद्राचं नाव कोरलंय. कलाकाराच्या नावाचं असतं तर किंमत माझ्या आवाक्यात राहिलीच नसती, पण खरं सांगतो, मला हेच जास्त आवडतं. त्या केंद्रात रात्री-बेरात्री कुणीतरी हे गाणं लावलं असेल.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळचं तिरपं ऊन तबकडीवर पडलं आणि गाण्यांमधल्या कोऱ्या रेघा लख्ख दिसल्या. लेबल पहिल्या बाजूचं आहे, त्या बाजूला चार गाणी. मी मोजली तर सहा! पुन्हा मोजली, टॉर्च लावून मोजली, सहाच. पोटात गोळा आला, वाटलं फसलो. मग जुन्या संग्राहकांना विचारल्यावर कळलं की हे सर्रास व्हायचं. हाताशी असेल त्या रेकॉर्डवर धातूचा मुलामा चढवायचा आणि वर योग्य लेबल चिकटवायचं. त्यामुळे गाणी जुळली नाहीत म्हणून मानचिन्ह खोटं ठरत नाही.

खरं-खोटं ओळखायचं ते घडणीवरून. साधारण १९७५ पर्यंत पांढऱ्या कापडी पार्श्वभूमीची, त्यानंतर ‘फ्लोटर’, म्हणजे तबकडी अधांतरी तरंगल्यासारखी दिसते ती, आणि १९८५ च्या सुमारास होलोग्राम, म्हणजे तिरपं पाहिलं की चमकणारा शिक्का, आला. जुन्या अल्बमचं मानचिन्ह नंतर बनवून घेता येत असे, म्हणून सत्तरच्या दशकातल्या अल्बमवर होलोग्राम असू शकतो. उलटं, म्हणजे नंतरच्या मानाला आधीची घडण, मात्र शक्य नाही. हे मला दुसऱ्या खरेदीत समजलं. एका विक्रेत्याने लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या चौथ्या अल्बमचं पांढऱ्या कापडावरचं ‘प्लॅटिनम’ गळ्यात मारलं. प्लॅटिनम सुरू झालं तोवर ती पांढरी घडण मागे पडली होती, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. बरंच भांडून निम्मेच पैसे परत मिळाले, त्याचं अजून वाईट वाटतं.

एक चूक पूर्णपणे माझी. पहिले काही महिने फ्रेम खिडकीसमोर होती. तेवढ्यात आतल्या छोट्या कव्हरची उजवी कड फिकी पडली आणि ती आता परत येणार नाही. सध्या ती ऊन न येणाऱ्या भिंतीवर आहे. पुढचा भाग ॲक्रिलिकचा आहे, त्यावर अमोनियाचा काचेचा स्प्रे कधीच मारू नका, बारीक तडे जातात. मऊ मायक्रोफायबरचं कापड पुरतं.

फ्रेम मी उघडलेली नाही, उघडणारही नाही. मागचा तपकिरी कागद खालच्या कोपऱ्यात फाटलाय, पण फ्रेम करणाऱ्याचं पिवळं पडलेलं लेबल त्याच कागदावर आहे. म्हणून तो फाटका कागदही आहे तसाच ठेवलाय.