ताजं सायडर: प्यायला झकास, बेकिंगला मात्र आटवूनच

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरहून १०४ नंबरच्या रस्त्यानं पूर्वेकडे निघालं की थोड्याच वेळात वेन काउंटी लागते आणि दोन्ही अंगांना सफरचंदाच्या बागा सुरू होतात. लेक ऑन्टॅरिओ जवळ असल्यामुळे इथं वसंतातली थंडी जरा लांबते, मोहोर उशिरा येतो आणि हिमानं करपायचा वाचतो. यातल्याच एका बागेच्या सायडर मिलमधून मी दर वर्षी सायडर आणते. दर सप्टेंबरला कुणी ना कुणी मैत्रीण तक्रार करते, "अगं, केकमध्ये कपभर सायडर घातलं, पण चवच लागली नाही." म्हणून हा रिव्ह्यू.

चव लागणारच नाही. सायडर म्हणजे सफरचंदं किसून, दाबून काढलेला न गाळलेला रस. मद्य नव्हे. त्यात ८८ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. मैदा, लोणी, साखर, दालचिनी या सगळ्या गर्दीत तो कपभर रस बिचारा कुठं दिसणार?

आधी मालाबद्दल. रंग गढूळ तपकिरी, तळाशी गाळ. बाटली हलवूनच ओतायची. तो गाळ म्हणजे सफरचंदच आहे. सुपरमार्केटमध्ये मिळणारा काचेसारखा स्वच्छ पिवळा ज्यूस याच्यापुढे नुसतं साखरपाणी वाटतो. सीझनच्या सुरुवातीचं सायडर मात्र मला फारसं आवडत नाही. तेव्हा बहुतेक मॅकिंटॉशसारखी लवकर येणारी फळं असतात, रस आंबटगोड पण पातळ लागतो. ऑक्टोबर अर्धा सरला की उशिराची फळं मिसळायला लागतात आणि तोच रस भरदार होतो. बेकिंगसाठी घ्यायचं तर तेव्हा घ्या.

लेबल वाचा, हे मात्र आग्रहानं सांगेन. १९९६ मध्ये पाश्चराइज न केलेल्या, म्हणजे जंतू मारण्यासाठी न तापवलेल्या, सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जिवाणूंची साथ आली होती, त्यानंतर इथले नियम कडक झाले. मी जाते त्या मिलमध्ये जंतू मारायला रसावर यूव्ही (अतिनील) प्रकाशाची प्रक्रिया करतात. त्यात रस तापत नाही, म्हणून चव ताजी राहते. पाश्चराइज केलेलं थोडं शिजल्यासारखं लागतं. पिताना तो फरक कळतो, आटवल्यावर अजिबात नाही. लेबलवर पोटॅशियम सॉर्बेट हे टिकाऊपणासाठी घालतात ते रसायन दिसलं तर सायडर जास्त टिकेल. नसेल तर फ्रिजमध्येसुद्धा काही दिवसांनी ते हळूहळू फसफसायला लागतं.

आता मुख्य काम. पसरट स्टीलचं पातेलं घ्या. ॲल्युमिनियम नको, रस आंबट असतो. अर्धा गॅलन सायडर ओता, उकळी आली की वर येणारा फेस झाऱ्यानं काढा आणि मध्यम आचेवर आटू द्या. दीड-दोन तास लागतात. पहिला तासभर काहीच घडत नाही, खुशाल दुसरी कामं करा. शेवटची पंधरा मिनिटं मात्र गॅसपासून हलायचं नाही. बुडबुडे मोठे आणि चकचकीत झाले, चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरला की बंद. आठ कपांचा जेमतेम सव्वा कप उरतो. दिसायला हुबेहूब काकवी, पण जिभेवर ठेवताच गालफडं आवळतील इतका आंबटपणा. साखरेचा एक कणही न घालता! आणखी आटवलं तर सफरचंदातल्या पेक्टिन या घट्टपणा आणणाऱ्या घटकामुळे गार झाल्यावर त्याची जेलीच होते. तीही टोस्टवर छान लागते, पण पिठात मिसळत नाही. इथं याला बॉइल्ड सायडर म्हणतात. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांत, जुन्या काळी साखर महाग होती, तेव्हा हेच वापरायचे. तिथल्याच व्हरमाँटमधलं तयार बाटलीतलंही मिळतं आणि चांगलं असतं. दोन तास गॅसपाशी घालवायचे नसतील तर बिनदिक्कत घ्या.

याचा खरा उपयोग ॲपल क्रिस्पमध्ये दिसतो. सफरचंदाच्या फोडींना हे आटवलेलं सायडर तीन मोठे चमचे चोळायचं, थोडं कॉर्नस्टार्च, चिमूटभर मीठ, वर ओट्स-लोणी-ब्राउन शुगरचा चुरा, आणि ३७५ फॅरनहाइटला कडा खदखदेपर्यंत भाजायचं. फळं मिसळून घ्या: ग्रॅनी स्मिथ किंवा नॉर्दर्न स्पाय आकार धरून राहतात, मॅकिंटॉश विरघळून मधला रस्सा होतो. सगळेजण ज्याच्यामागे धावतात ते हनीक्रिस्प माझ्या मते हातात धरून खायचं फळ आहे. त्या भावाला ते ओव्हनमध्ये घालणं जिवावर येतं.

सासूबाई इथं असतात तेव्हा बिनअंड्याचा केक लागतो. त्यातही हे कामाला येतं. दही आणि आटवलेलं सायडर दोन्ही आंबट, त्यामुळे सोडा जोरात उठतो आणि केक हलका होतो. दालचिनीच्या जोडीला मी वेलची घालते. सासूबाईंचा अभिप्राय: "गूळ घातलायस ना?" नाही म्हटलं तरी पटलं नाही.

मिलबद्दल थोडक्यात. शनिवारी-रविवारी जाऊ नका; पार्किंग शेतात, रांग डोनटसाठी, आणि निम्मी गर्दी भोपळ्यांसोबत फोटो काढायला आलेली. सायडर डोनट समोर तळून देतात तेव्हा गरमच खा. आधीच पिशवीत भरून ठेवलेले संध्याकाळपर्यंत चामट होतात आणि वरची दालचिनी-साखर ओली होऊन चिकटते. काउंटरवरची मुलं गडबडीत असतात, कोणतं फळ बेकिंगला चांगलं हे विचाराल तर "सगळीच" असं उत्तर मिळतं. मागच्या बाजूला डागाळलेल्या फळांचे खोके असतात, त्यांना सेकंड्स म्हणतात. अर्ध्या बुशेलमध्ये (बुशेल हे इथलं फळं मोजायचं माप) वीसेक पौंड फळ येतं आणि भाव चांगल्या फळाच्या निम्म्याहून कमी. सोलून-चिरून भाजायचंच आहे, तर डागाचं काय कौतुक! फक्त खोका उचलण्याआधी तळाची दोन-चार फळं हातात घेऊन बघा, मऊ लागली तर दुसरा खोका.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतर मिल बंद होते. त्याआधी दोन गॅलन जास्तीचे आणून फ्रीझरमध्ये टाका, पण प्रत्येकातून कपभर रस आधी काढून प्या. गोठताना सायडर फुगतं आणि भरलेली बाटली फुटते. आटवलेलं मात्र काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, कित्येक महिने बिनतक्रार राहतं.