कार्डियामोबाइल ६एल : विद्युत अक्ष दिसतो, हृदयाची जागा नव्हे

अलाइव्हकोर कंपनीच्या या छोट्या इसीजी उपकरणात वरच्या दोन इलेक्ट्रोडवर दोन्ही हातांची बोटे ठेवायची आणि खालचा तिसरा इलेक्ट्रोड डाव्या गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या उघड्या त्वचेला टेकवायचा, की ३० सेकंदांत हातापायांच्या सहाही लीडचा (हृदयाची वीज एकेका ठरावीक दिशेने टिपणाऱ्या नोंदींचा) आलेख मोबाइलवर उमटतो. मनगटी घड्याळातून फक्त लीड १ मिळते आणि एका लीडवरून हृदयाचा विद्युत अक्ष, म्हणजे विद्युत लहर पसरण्याची अंशांत मोजलेली सरासरी दिशा, काढता येत नाही. येथे आडवी पाहणारी लीड १ आणि उभी पाहणारी एव्हीएफ ही लीड एकत्र मिळतात व दोहोंवरून अक्ष काढता येतो, म्हणून शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्यांना मी हे उपकरण आवर्जून सुचवेन.

मात्र अक्ष समजला म्हणजे हृदय छातीत कसे ठेवलेले आहे तेही समजले, हा समज विद्यार्थ्यांत फार रुजलेला आहे आणि तो खोडून काढायला हवा. दोहोंचा संबंध आहे, यात शंका नाही. खोल श्वास घेतल्यावर श्वासपटल खाली सरकते, हृदय अधिक उभे होते आणि अक्ष उजवीकडे झुकतो. श्वास रोखून घेतलेला आलेख नेहमीच्या आलेखाशेजारी ठेवला, तर हा बदल अनेकांमध्ये स्पष्ट दिसतो. गरोदरपणात किंवा स्थूलतेत श्वासपटल वर ढकलले गेल्याने अक्ष डावीकडे कलतो. पण डाव्या जवनिकेकडे (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याकडे) जाणाऱ्या वहनमार्गाची पुढची शाखा बंद पडली, तर हृदय तसूभरही न हलता अक्ष उणे ४५ अंशांच्या पलीकडे जातो, कारण अक्ष ठरतो तो मुख्यतः विद्युत लहर स्नायूंत कोणत्या वाटेने पसरते आणि कोणत्या बाजूचे स्नायू जाड आहेत यावर. उणे ३० ते अधिक ९० अंश एवढी सामान्य मर्यादा रुंद आहे, त्यामागे हेही एक कारण आहे.

उपकरणाची खरी मर्यादा छातीवरच्या लीड नसण्यात आहे. लीड १ पूर्ण उलटी आली, तर हृदय उजवीकडे आहे की डाव्या-उजव्या हातांची अदलाबदल झाली आहे, हे ठरवायला व्ही१ ते व्ही६ या छातीवरच्या लीडमधील आर लहरींची (आलेखातल्या वर जाणाऱ्या मुख्य टोकांची) वाढ पाहावी लागते, आणि ती येथे मिळत नाही. शिवाय हा आलेख बहुधा बसून घेतला जातो, त्यामुळे रुग्णालयात झोपवून काढलेल्या आलेखाशी त्याच्या अक्षाची थेट तुलना करू नये.