एलेडोन सिरोसा की एलेडोन मॉस्काटा?

दोन्ही ऑक्टोपसना फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांनी 1798 साली नाव दिलं. दोन्हींच्या हातांवर चूषकांची (चिकटून धरणाऱ्या वाट्यांची) एकच रांग असते, नेहमीच्या ऑक्टोपसला मात्र दोन. पूर्वी त्यांना ऑक्टोपोडिडी कुळात धरत, आता एलेडोनिडी हे वेगळं कूळ मानतात. मला हा बदल पटतो.

खरा फरक पाण्याचा आहे. सिरोसा थंड पाण्यातली. नॉर्वे, आइसलँड, ब्रिटनपासून खाली भूमध्य समुद्रापर्यंत ती पसरली आहे; पण भूमध्यात ती उथळ, उबदार पाणी टाळून बहुधा खोल तळाशी राहते. मॉस्काटाचं घर मुख्यतः भूमध्यच. बाहेर ती पोर्तुगालच्या दक्षिणेला आणि स्पेनजवळच्या कादिसच्या आखातात सापडते, तीही बहुतेक शंभर मीटरच्या आतल्या तळावर.

पसरण्यातल्या या तफावतीत अंड्यांचाही हात असावा, असं मला वाटतं. मॉस्काटाची अंडी मोठी आणि पिल्लं जन्मतःच तळावर चालू लागणारी. सिरोसाची अंडी लहान, पिल्लं आधी पाण्यात तरंगतात आणि प्रवाह त्यांना लांब नेतो.

हातात आलेला प्राणी ओळखायचा तर आधी वास घ्या: मॉस्काटाला कस्तुरीसारखा गंध येतो, नावही त्यावरूनच पडलं. सिरोसाची कातडी बारीक दाणेदार असते आणि अंगाच्या कडेने फिकट रेघ फिरते. नर असेल तर हातांची टोकं पाहा. सिरोसात तिथले चूषक तंतूंसारखे झालेले असतात, मॉस्काटात चपट्या पट्ट्यांसारखे. इटलीच्या बाजारात मात्र दोन्ही ‘मॉस्कार्दिनो’ म्हणूनच विकल्या जातात.