पीएचपीत कॉलमची माहिती: मायएसक्यूएलआय की पीडीओ?

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका अडत्यासाठी गूळ सौद्यांचा रिपोर्ट बनवणाऱ्या मित्राने विचारलं, क्वेरीच्या निकालातून कॉलमची नावं नि प्रकार कुठून घेऊ? पीएचपीतून डेटाबेसशी बोलायचे दोन मार्ग: मायएसक्यूएलआय फक्त मायएसक्यूएल डेटाबेससाठी, पीडीओ अनेक डेटाबेससाठी.

मेहनत बघितली तर मायएसक्यूएलआय सरळ. 'फेच_फील्ड्स' एकदा बोलावलं की सगळ्या कॉलमांची यादी हातात. पीडीओत 'कॉलमकाउंट' घेऊन ० पासून एकेका क्रमांकाला 'गेटकॉलममेटा' विचारावं लागतं. लूप लहानच आहे, त्याचं काही नाही.

खरा फरक माहितीत. क्वेरीत 'रवे' (गुळाच्या ढेपा) या कॉलमला 'नग' असं टोपणनाव दिलं, तर मायएसक्यूएलआय 'नेम'मध्ये 'नग' आणि 'ऑर्गनेम'मध्ये मूळ 'रवे', दोन्ही देतं. मायएसक्यूएलवर पीडीओ फक्त 'नग' सांगतं. प्रकाराचं मात्र उलटं: दराचा डेसिमल (दशांश) कॉलम मायएसक्यूएलआयला २४६ या नुसत्या कोड-अंकाने दिसतो, पीडीओ 'न्यूडेसिमल' असं वाचता येणारं नाव देतं.

टिकाऊपणात मला पीडीओची ही सोय कच्ची वाटते. पीएचपीच्या मॅन्युअलमध्येच ती बराच काळ प्रायोगिक म्हटली होती, आणि सगळे ड्रायव्हर (पीडीओला एकेका डेटाबेसशी जोडणारे भाग) ती देत नाहीत.

मायएसक्यूएलच राहणार असेल आणि मूळ कॉलम शोधायचा असेल, तर मायएसक्यूएलआय घ्या. उद्या पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर जायचं असेल आणि रिपोर्टला मथळेच हवे असतील, तर पीडीओ पुरेल.