तांब्यावरचा खरज

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आईचा तानपुरा ज्या कोपऱ्यात असतो, त्याच्या वरच्या भिंतीवर आता एक एचिंग, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर कोरून छापलेलं चित्र, लागलं आहे. फत्तेगंजकडच्या एका छापचित्रकाराच्या स्टुडिओतून घेतलं. वहीच्या पानापेक्षा थोडं लहान, फ्रेमशिवाय ७,५०० रुपये. मला ते पैसे जराही जास्त वाटले नाहीत.

चित्रात फक्त तानपुऱ्याची घोडी आणि तिच्यावरून गेलेल्या चार तारा. पंचमाच्या तारेची रेघ केसासारखी, जोडाच्या मधल्या दोन तारा जरा ठसठशीत आणि सगळ्यात खालच्या सुराची तार, म्हणजे खरज, काळाभोर. मी विचारलं, खरजासाठी जाड सुई घेतलीत का? ते म्हणाले, "नाही ताई, चारही एकाच सुईनं ओढल्यात. फरक वेळेचा."

मग त्यांनी प्लेट दाखवली आणि समजावून सांगितलं. तांब्यावर ग्राउंडचा, म्हणजे रसायनापासून तांबं झाकणारा, पातळ थर देतात. सुईनं तो थर खरवडला की तेवढंच तांबं उघडं पडतं आणि फेरिक क्लोराइडमध्ये प्लेट ठेवली की तेवढंच खाल्लं जातं. पंचम थोड्या मिनिटांत बाहेर काढून त्यावर व्हार्निश फिरवलं, म्हणजे ती रेघ तिथेच थांबली. मग जोडाचं तसंच. खरज मात्र सगळ्यात जास्त वेळ आत राहिला. खोल चरात शाई जास्त मावते, आणि प्रेसखाली ओला कागद त्या चरात शिरून ती उचलून घेतो. म्हणून कागद तिरपा धरून बघितलं की खरजाची रेघ वर आलेली दिसते. मी चाळीस वर्षं पहाटे खरजाची मेहनत करते आहे. त्या चित्रासमोर मला बराच वेळ काही बोलता आलं नाही.

घोडीजवळची जागा त्याहून सुंदर. तारेखालचा दोरा नेमका बसला की तारेतून जो झणकार (जवारी) सुटतो, तो त्यांनी अ‍ॅक्वाटिंटनं आणला आहे: राळेची बारीक पूड प्लेटवर बसवून ती तापवायची, मग कणांच्या मधलं तांबं खाल्लं जातं आणि छापात एक दाणेदार, धूसर छटा येते. ती त्यांनी घोडीपाशीच ठेवली, पुढे हळूहळू विरू दिली. जवारी लागलेला तानपुरा ज्यानं जवळून ऐकलाय, त्यालाच हे सुचणार. छाप उलटा येतो, त्यामुळे पहिल्या प्रूफात, म्हणजे चाचणीच्या छापात, पंचम आणि खरज यांच्या जागा बदलल्या होत्या. तेवढ्यासाठी त्यांनी प्लेट नव्यानं केली. ते चुकलेलं प्रूफही दाखवलं त्यांनी, न लपवता.

याच मालिकेतलं नोमतोम आलापावरचं, म्हणजे शब्दांऐवजी नोम-तोम अशा अक्षरांवर गायल्या जाणाऱ्या आलापावरचं, चित्रही चांगलं आहे. फैयाज खाँसाहेबांच्या गावात या विषयाला हात घालायचा म्हणजे धाडसच. त्यात मोकळा कागद भरपूर ठेवलाय आणि तो बोलतो. तराण्यावरचं मात्र मला पटलं नाही. रेघांची इतकी गर्दी आहे की लय दिसतच नाही, नुसती घाई दिसते. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

घेणार असाल तर एकाच चित्राच्या दोन-तीन प्रती शेजारी ठेवून बघा. शाई जाळीदार कापडानं आणि शेवटी तळहातानं पुसतात, त्यामुळे प्रत्येक प्रत किंचित वेगळी निघते. मी ४/१५, म्हणजे पंधरा प्रतींतली चौथी, घेतली, कारण तिच्यात जवारीची छटा जास्त मऊ होती. दिवसाउजेडी जा, ट्यूबलाइटखाली हा फरक कळत नाही. जाण्याआधी फोन करा. छपाई चालू असली की ते दार उघडत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे.

फ्रेमचं मात्र जपा. मी ज्याच्याकडे दिलं त्यानं माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, इतका आत घेतला की कागदावर उमटलेला प्लेटच्या कडेचा दाब झाकला गेला, पेन्सिलीनं लिहिलेला क्रमांक आणि सहीसुद्धा. वर काच थेट कागदाला टेकवली. मला इतकं वाईट वाटलं की त्याच संध्याकाळी उघडून घेतलं. नशिबानं चिकटवलं नव्हतं. दुसरीकडे करून घेताना काच आणि कागद यांच्यात अंतर ठेवायला सांगितलं आणि दाबाची कड पूर्ण मोकळी ठेवली.

पुढची प्लेट मारवा रागावर आहे. त्यात षड्ज जवळजवळ दाखवायचाच नाही, असं त्यांच्या मनात आहे. पहिल्या प्रतीसाठी मी नाव देऊन आले.