जुन्या गाडीची वायरिंग आणि होज: स्लीव्ह घालायचा की बदलून टाकायचं?

घरात जुनी मारुती ८०० किंवा पद्मिनी असेल, तर स्लीव्ह, म्हणजे वायरवर चढवायचं उष्णतारोधक आवरण, विकत घेण्याआधी इंजिन थंड असताना बॉनेट उघडा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळची (इंजिनातला तापलेला धूर गोळा करणाऱ्या भागाजवळची) वायर हलकेच वाकवून बघा. इन्सुलेशनला भेगा पडल्या किंवा वायर काडीसारखी ताठ राहिली, तर तेवढा तुकडा आधी बदलून घ्या. खराब वायरवर स्लीव्ह चढवला की दोष फक्त नजरेआड होतो.

वायर अजून मऊ असेल तर निवडीला अर्थ आहे. काळी पीव्हीसी टेप सगळ्यांत स्वस्त, म्हणून सर्रास मारली जाते. पण उष्णतेने तिचा गोंद पातळ होतो, टोकं सुटतात आणि धूळ-तेलाचा चिकट राडा उरतो. पॉलिएस्टरची कापडी हार्नेस टेप साधारण १२५ अंश सेल्सियसपर्यंत टिकते. नालीदार प्लास्टिक नळी वायरला घासण्यापासून वाचवते, पण मॅनिफोल्डला टेकली की तीच वितळते.

खरी स्पर्धा दोन स्लीव्हमध्ये आहे. सिलिकॉनचा लेप असलेला ग्लासफायबर स्लीव्ह सतत २६० अंशांपर्यंत चालतो आणि त्यावरून तेल-पाणी ओघळून जातं. अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असलेला स्लीव्ह समोरून येणारी उष्णता परतवतो, पण मध्ये बोटभर हवा खेळती हवी. मॅनिफोल्डला चिकटला तर उष्णता आत जातेच. शिवाय चकाकी तेला-धुळीने मळली की त्याचा उपयोग घटतो, आणि अ‍ॅल्युमिनियममधून वीज वाहते, म्हणून बॅटरीच्या टर्मिनलजवळ तो नकोच. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत मी सिलिकॉनवालाच घेईन. दोन्ही टोकं टेपने गच्च बंद मात्र करू नका. पावसाळ्यात आत गेलेलं पाणी उतारावरून थेट कनेक्टरपर्यंत पोचतं. सर्वांत खालच्या जागी त्याला वाट ठेवा.

एक्झॉस्टच्या पाइपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळणं कागदावर उत्तम, कारण उष्णता मुळातच रोखली जाते. पण जून ते सप्टेंबर ओली राहणारी पट्टी पाइपला बाहेरून गंजवते. त्यापेक्षा मूळ पत्र्याची हीट शील्ड जागेवर आहे का ते बघा. दुरुस्तीत काढलेली शील्ड गॅरेजात तशीच राहून जाते, हे नवीन नाही. ती बसवली तर निम्म्या स्लीव्हची गरजच उरत नाही.

होजचं गणित वेगळं. कूलंटच्या होजला, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी नेणाऱ्या रबरी नळीला, उष्णता आतूनच मिळते, तिथे वरून गुंडाळून काय होणार? क्लिपपासून दोनेक इंचांत दाबून बघा; ईपीडीएम, म्हणजे अशा होजचं नेहमीचं कृत्रिम रबर, बऱ्याचदा तिथेच आतून चिरतं. लिबलिबीत किंवा करकरीत लागलं तर चोर्ला घाट चढण्याआधी होज बदला. रोजच्या गाडीला कंपनीच्या मापाचा ईपीडीएम पुरे. सिलिकॉन होज उष्णता जास्त सोसतो, पण महाग असतो आणि भोकांच्या साध्या क्लिपने कापला जातो. त्याला आतून गुळगुळीत पट्टीची क्लिप लागते.

पेट्रोलच्या नळीला मात्र सिलिकॉन कधीच लावू नका, त्यातून पेट्रोल झिरपतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. पैसे एकाच कामापुरते असतील तर इथेनॉलला चालणारी इंधन नळी आधी टाका, स्लीव्ह चवथीनंतर घेतला तरी चालेल.