कायरल रेणू शिकवायला घेतलेला मॉडेल संच

प्लास्टिकचे गोळे आणि काड्यांचा हा रेणू-मॉडेल संच मी वर्गासाठी घेतला तो खास एका धड्यासाठी: कायरल रेणू. कसाही फिरवला तरी जो रेणू आपल्या आरशातल्या प्रतिमेशी तंतोतंत जुळत नाही, तो कायरल. डाव्या-उजव्या हातांसारखंच. व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात, पण फळ्यावरच्या ठळक रेषा (आपल्याकडे येणारे बंध) आणि तुटक रेषा (मागे जाणारे बंध) बघून रेणू मनातल्या मनात फिरवणं भल्याभल्यांना जड जातं.

काळ्या कार्बनच्या भोकांमधला कोन बरोबर १०९.५ अंशांचा आहे. त्याला पांढरा, लाल, निळा, हिरवा असे चार गोळे लावा आणि शेजारच्याला त्याची आरशातली जोडी करायला सांगा. दोन रंग जुळवले की उरलेले दोन हटकून उलटे येतात. मग एकातले कुठलेही दोन गोळे आपसात बदला, दोन्ही रेणू लगेच एक होतात.

संचाची खरी किंमत मला कळली ती टार्टारिक आम्लापाशी. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरनं १८४८ साली याच आम्लाच्या एका क्षाराचे डावे-उजवे स्फटिक हातानं निवडून वेगळे केले होते. याचा मेसो प्रकार, म्हणजे ज्याचे दोन अर्धे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असतात तो, जरूर बनवा. चार वेगळे गट (अणू किंवा अणूंचे पुंजके) असलेले दोन कार्बन त्यात आहेत, एरवी बहुधा अशा कार्बनमुळंच रेणू कायरल होतो, तरी हा रेणू कायरल नाही! मधला बंध फिरवून दोन्ही ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट समोरासमोर आणले की मधोमध आरशाचं प्रतल दिसतं. कायरल म्हणायचं ते अख्ख्या रेणूला, हे तिथं पटतं. उलट उदाहरण अ‍ॅलीनचं, म्हणजे ओळीनं तीन कार्बन दोन दुहेरी बंधांनी जोडलेल्या रेणूचं. दुहेरी बंधांच्या लवचीक काड्या लावल्या की दोन्ही टोकं आपोआप एकमेकांना काटकोनात येतात, आणि चार वेगळे गट असलेला एकही कार्बन नसताना रेणू कायरल होऊ शकतो. डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफनं हे १८७५ साली नुसत्या विचारानं ओळखलं होतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

तक्रारी दोन. आखूड काड्या इतक्या घट्ट बसतात की काढताना बोटं दुखतात. आणि कार्बन कमी पडतात: टार्टारिकचे तिन्ही प्रकार (डावा, उजवा आणि मेसो) शेजारी ठेवायचे तर बारा लागतात, तेवढे यात नाहीत. एकट्यानं अभ्यास करणाऱ्याला एक संच पुरे, वर्गासाठी मात्र दोन घ्या.